रात्रीचं जेवण रोज साडेनऊला का होतं? सातला घरी पोचणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटते, द्वारका किंवा मुंबई नाक्याची गर्दी पार होते आणि घरात पाऊल टाकेपर्यंत सात वाजतात. ताटं मात्र साडेनऊला वाढली जातात. मधल्या वेळात मुलं चिवड्याचा डबा अर्धा करतात आणि मग जेवताना दोन घास खाऊन उठतात. घरात वडीलधारी माणसं असतील, तर जेवणानंतरच्या गोळीसाठी ती ताटकळत बसतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी कुणीतरी म्हणतंच, "जाऊ दे, आज बाहेरून मागवू." महिनाअखेरीस त्या दोन-तीन वेळांचा हिशेब किराण्याच्या बिलाच्या आसपास जातो.

यावर बहुतेक जण झटपट पदार्थांच्या कृती शोधत बसतात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण आपले रोजचे पदार्थ मुळातच झटपट आहेत. पिठलं, उसळ, आमटी-भात, खिचडी यांपैकी कशालाही गॅसवर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. उशीर होतो तो गॅस पेटवायच्या आधी. विश्वास बसत नसेल तर एक संध्याकाळ घड्याळ बघत स्वयंपाक करा आणि प्रत्येक कामाची वेळ कागदावर टिपून ठेवा. काय करायचं ते ठरवण्यात किती वेळ गेला, मेथी निवडण्यात किती, कांदा चिरून परतण्यात किती, डाळ शिजायची वाट बघण्यात किती, कणीक मळण्यात किती, ते समोर येईल. सगळ्यांच्या घरात घोळ एकाच ठिकाणी नसतो. म्हणून खालचं सगळं एकदम करायला जाऊ नका. तुमच्या कागदावर जो आकडा सर्वांत मोठा दिसेल, तिथून सुरुवात करा.

"आज काय करू?" हा प्रश्न सातला पडतो

वारानुसार पदार्थ ठरवून तक्ता फ्रिजवर लावायचा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो दुसऱ्या आठवड्यात बारगळतो, कारण त्या दिवशी ती भाजी घरात नसते किंवा असली तर सुकलेली असते. पदार्थ ठरवण्यापेक्षा भाजी कोणत्या क्रमाने संपवायची ते ठरवलं तर ते टिकतं.

नाशिकला हे सोपं आहे, कारण आपल्याकडे आठवडे बाजाराची सवय अजून शाबूत आहे. गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार धरून चालू. तुमच्या भागातला बाजार दुसऱ्या वारी असेल तर वार तेवढे पुढेमागे करा. बुधवारी आणि गुरुवारी पालेभाज्या: मेथी, पालक, शेपू, चुका. या सर्वांत आधी माना टाकतात. शुक्रवारी गवार, भेंडी, वालाच्या शेंगा. शनिवार-रविवारी वांगी, दोडका, कोबी, फ्लॉवर. हे तीन-चार दिवस फ्रिजमध्ये नीट राहतात. सोमवार आणि मंगळवार हे बिनभाजीचे दिवस. तेव्हा मटकी, चवळी, पिठलं, शेवभाजी, अंड्याचा रस्सा, नाहीतर कांदा-बटाटा. म्हणजे बाजारापासून जितकं लांब जाल तितकं फ्रिजकडून डब्यांकडे सरकायचं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की संध्याकाळी विचार करावा लागत नाही. घरात काय उरलंय ते बघायचं आणि तेच करायचं.

यात पैसेही वाचतात. फ्रिजच्या तळाशी पिवळी पडून फेकलेली मेथीची जुडी हा सरळसरळ तोटा असतो आणि बहुतेक घरांत तो दर आठवड्याला होतो.

मेथीबद्दल आणखी एक. ती आणल्या दिवशीच रात्री निवडून ठेवा, पण धुऊ नका. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. ओली ठेवलेली मेथी दुसऱ्या दिवशी काळी पडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई भाजीला लागते. निवडण्याचं काम सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून केलं तर दोन जुड्या बोलता बोलता होतात. ते काम एकट्या बाईच्या माथी मारू नये, असं मला मनापासून वाटतं.

कांदा परतण्यात पाव तास जातो

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत जास्त फरकही इथेच पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कांदा लवकर परतत नाही याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे भांडं लहान आणि कांदा जास्त. अशा वेळी कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजत राहतो, परतला जात नाही. पसरट कढई घ्या, सुरुवातीला आच मोठी ठेवा आणि चिमूटभर मीठ आधीच टाका. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं आणि लवकर आटतं. दुसरं कारण कांदा कोणता आहे, हे. निफाड-लासलगावच्या जिल्ह्यात राहून आपण हे विसरतो, पण उन्हाळ कांदा आणि लाल कांदा कढईत सारखे वागत नाहीत. चाळीत महिनोन्महिने टिकणारा उन्हाळ कांदा कोरडा असतो आणि पटकन रंग धरतो. हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या लाल कांद्यात पाणी जास्त असतं, म्हणून तो परतायला वेळ घेतो आणि घरात टिकतही नाही. लाल कांदा आठवड्यापुरताच आणा. पोतं भरून ठेवायचं तर ते उन्हाळ कांद्याचंच.

खरा उपाय मात्र हा की कांदा रोज परतायचाच नाही. रविवारी एकदाच वाटण करून ठेवायचं.

एक किलो कांदे उभे चिरा. पसरट कढईत अर्धी वाटी तेल आणि थोडं मीठ घालून कडा तांबूस होईपर्यंत परता. किलोभर कांद्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, पण सारखं उभं राहावं लागत नाही. परतून झालं की कांदा बाजूला काढा. त्याच कढईत सुक्या खोबऱ्याची एक अख्खी वाटी किसून मंद आचेवर बदामी भाजा. लसणाचे दोन गड्डे सोलून आणि दोन इंच आलं त्यातच जरा परतून घ्या. हे सगळं पूर्ण गार होऊ द्या आणि शक्यतो पाणी न घालता वाटा. मिक्सर फिरत नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर तेल घाला. वाटण कोरड्या काचेच्या बरणीत भरा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि वड्या पिशवीत काढून ठेवा. चौघांच्या रश्शाला तीन-चार वड्या पुरतात.

"आमचं वाटण तीन दिवसांत आंबतं" ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. कोमट असतानाच वाटलेलं असतं, वाटताना पाणी घातलेलं असतं किंवा ओला चमचा बरणीत गेलेला असतो. कोथिंबीरही यात घालू नका. ती त्या-त्या दिवशी वरून घालायची. वाटणाला आंबूस वास आला तर मोह न धरता टाकून द्या.

वाटण तयार असलं की शेवभाजी पंधरा मिनिटांत होते. दोन चमचे तेल कडक तापवून त्यात वाटण घाला. तेल सुटलं की हळद, चमचाभर लाल तिखट आणि चमचाभर काळा मसाला घालून अर्धा मिनिट परता. लगेच चार वाट्या गरम पाणी ओता. गार पाणी ओतलं तर तर्री नीट येत नाही आणि उकळी यायलाही उशीर होतो. पाच-सहा मिनिटं खळखळ उकळू द्या. मीठ हात राखून घाला, कारण शेवेत मीठ असतंच. शेव कढईत कधीच टाकू नका. ताटात रस्सा वाढल्यावर वरून घाला, नाहीतर दहा मिनिटांत सगळ्याचा लगदा होतो. शेवही भाजीची जाड तिखट शेव म्हणून मागून घ्या. चिवड्यातली बारीक शेव विरघळून जाते. याच रश्शात उकडलेली अंडी सोडली की अंड्याचा रस्सा, वांग्याच्या फोडी शिजवल्या की वांग्याचा रस्सा आणि मोडाची मटकी घातली की उसळ. पाव आणला तर मुलं त्या उसळीला मिसळच म्हणतात आणि आनंदाने खातात.

डाळ शिजतच नाही

कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ अख्खी राहते आणि मग पुन्हा कुकर लावावा लागतो. वीस मिनिटं आणि गॅस दोन्ही वाया. यात दोष डाळीचा आहे, पाण्याचा की पद्धतीचा, ते आधी तपासा.

पाणी तपासणं सोपं आहे. नव्या सोसायट्यांमध्ये नळाला बऱ्याचदा बोअरचं पाणी येतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं आणि त्याने डाळीचा दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर हेच कारण समजा. एक दिवस आरओ फिल्टरच्या पिण्याच्या पाण्यात डाळ लावून बघा. शिजली तर तेवढ्यापुरतं तेच पाणी वापरा, डाळीला लागतं तरी किती! सोडा घालण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. डाळ शिजते, पण चव जाते आणि त्यातलं बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं.

पाणी ठीक असेल तर डाळ जुनी असू शकते. वर्षभर डब्यात राहिलेली डाळ कितीही शिजवा, टणकच राहते. आणि चिंच, टोमॅटो किंवा आमसूल डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकत असाल तर ते आजपासून बंद करा. आंबट पदार्थ डाळीला मऊ होऊ देत नाहीत. डाळ शिजून घोटली की मगच आंबट घालायचं.

पद्धतीत एकच बदल पुरतो. घरात आल्याबरोबर, चहा ठेवायच्याही आधी, डाळ धुऊन गरम पाण्यात टाकायची. हातपाय धुणं, चहा आणि मुलांचं दप्तर बघणं यात अर्धा तास जातोच. तेवढ्यात ती फुगते. सकाळीच भिजवायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, कारण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेली डाळ संध्याकाळपर्यंत फसफसते. कुकरमध्ये हळद आणि चमचाभर तेल घाला, म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. वाफ पूर्ण धरली आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि आठ-दहा मिनिटं ठेवा. कुकरच्या आत साधारण १२० अंश तापमान असतं. ते टिकवायला बारीक आच पुरते. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं तर फक्त वाफ आणि गॅस जातो. झाकणाच्या कडेने वाफ सुटत असेल तर रबर बदला. त्यात चालढकल करण्यात अर्थ नाही.

आणि अगदीच भिजवायला विसरलात, तर त्या दिवशी तूरडाळीचा हट्ट सोडा. मुगाची किंवा मसुराची डाळ न भिजवता पातेल्यातही वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेलं मुगाचं वरण, भात, वर लिंबू आणि तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी. हे जेवण कुठल्याही बाबतीत कमी नाही.

पोळ्यांपाशी येऊन सगळं अडतं

भाजी तयार, पण पोळ्या अजून व्हायच्यात. असं होत असेल तर कणीक सकाळी डब्याच्या पोळ्यांबरोबरच दुप्पट मळा. उरलेल्या गोळ्याला सगळीकडून तेलाचा हात लावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. वरून काळी पडते ती हवा लागल्याने, म्हणून डबा गोळ्याच्या मापाचाच घ्या. संध्याकाळी लाटायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

सकाळचं वरण आणि ही कणीक दोन्ही उरलेलं असेल, तर पोळ्या करूच नका, वरणफळं करा. वरणात तीन वाट्या पाणी घालून सैल करा. मोहरी, जिरं, भरपूर लसूण, कढीपत्ता यांची फोडणी द्या, तिखट आणि काळा मसाला घाला, चिंच-गूळ आवडत असेल तर तेही. कणकेची पातळ पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा आणि वरण खळखळ उकळत असताना थोडे-थोडे सोडा. सगळे एकदम टाकले किंवा उकळी नसताना टाकले की एकमेकांना चिकटून गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वरण तुम्हाला वाटतं त्याहून पातळ ठेवा, कारण फळं ताटात जाईपर्यंत रस पीत राहतात. वर साजूक तूप. एका पातेल्यात सगळ्यांचं जेवण होतं आणि घासायलाही एकच पातेलं.

बाजरीची भाकरी थापताना तुटते, ही थंडीतली नेहमीची अडचण. पीठ जुनं असतं तेव्हा असं होतं. बाजरीत तेलाचा अंश असतो, त्यामुळे तिचं पीठ लवकर कडवट होतं आणि विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. गिरणीतून आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. ज्वारीचं पीठ तुटत असेल तर कढत पाण्यात भिजवून चांगलं मळा. गव्हासारखा चिकटपणा त्यात नसतो, तो गरम पाण्याने आणि मळण्याने आणावा लागतो.

पिठल्यात गुठळ्या होतात, किंवा ते कच्चट लागतं

पिठलं हे आपल्या घरांचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुकमी जेवण आहे, आणि ते बिघडलं की मला खरंच वाईट वाटतं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ वरून भुरभुरवलं की गुठळ्या होतात. ते हाताला सवय असलेल्या आजीने करावं. आपण एक वाटी बेसन आधी वाटीभर गार पाण्यात किंवा पातळ ताकात गुठळी न ठेवता कालवावं. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून दोन वाट्या पाणी उकळावं. मग कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावं. घट्ट झालं की बऱ्याच जणी लगेच गॅस बंद करतात, आणि कच्चटपणा तिथेच राहतो. झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर पाच-सात मिनिटं वाफ द्या. कडेने सुटायला लागलं आणि बेसनाचा कच्चा वास गेला की झालं. तळाला धरलेली खरवड ज्याला मिळेल तो भाग्यवान.

आणखी काही किरकोळ अडचणी

डिसेंबर-जानेवारीत मटकीला मोड येत नाहीत. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तर नाहीच. मटकी कोमट पाण्यात भिजवा, उपसून फडक्यात घट्ट बांधा आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून वर जाड टॉवेल गुंडाळा. उन्हाळ्यात एका रात्रीत येणाऱ्या मोडांना या दिवसांत एक दिवस जास्त द्या आणि तेवढं आधी भिजत घाला.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. जेवणं झाली की पसरून गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना तो चटचटीत गरम होऊ द्या. बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात, की ते नुसतं पुन्हा गरम केल्याने जात नाही.

मुलं सातला भुकेली असतात हे खरंच आहे, त्यांना रागावून उपयोग नाही. चिवड्याऐवजी जेवणातलाच एखादा भाग आधी द्या: काकडी-गाजर, उकडलेलं अंडं, उकडलेल्या शेंगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटीभर द्राक्षं, नीट धुऊन. आणि तिखटाचा प्रश्न असेल तर काळा मसाला पडायच्या आधीच त्यांची भाजी-आमटी वेगळी काढा. वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही.

आयत्या वेळी कुणी जेवायला आलं तर घाबरून बाहेरून मागवू नका. आमटीत पाणी वाढवताना तिखट-मीठ-आंबट त्याच मापात वाढवा आणि वरून लसणाची दुसरी छोटी फोडणी द्या, म्हणजे ती पातळ केल्यासारखी लागत नाही. रस्सा पातळ झाला असेल तर दोन चमचे भाजलेल्या दाण्याचं कूट लावा. पोळ्या कमी पडतील असं वाटलं तर दुसऱ्या गॅसवर भात टाका. पाहुण्याशी दोन शब्द बोलून होईपर्यंत तो तयार होतो.